तेर्स संपेपर्यंत

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी आले, डोकं नंतर. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात याचे दोन अर्थ होते. एक, वळवाचा पाऊस गडगडायला लागला की मला अंगणातसुद्धा जाऊ द्यायचं नाही, कारण वीज पायाळूला हुडकत येते. आणि दुसरा, कुणाच्या कंबरेत उसण भरली की मला अंथरुणातून उठवून न्यायचं. माणूस सोप्यात पालथं पडलेलं असायचं. मी त्याच्या कंबरेला तीनदा पाय लावायचा आणि मग मोठ्या माणसाला पाय लावला म्हणून त्याच्याच पाया पडायचं. बदल्यात गूळ-शेंगा मिळायच्या. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत माझी प्रॅक्टिस जोरात होती.

या प्रकाराला गावात एकच व्यक्ती हसायची. सिस्टर. “उसण तीन दिवसांत आपोआप जाते गो. पोरगीला कशाला झोपेतून उठवता?” असं त्या माझ्या आजीला म्हणायच्या. आजी म्हणायची, “तुम्हीच काढली की तिला पायाकडून. आता तिच्या पायाला गुण आला तर तुम्हाला का वंगाळ वाटतंय?”

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि गावात ते कुणी कधी वापरलंही नाही. नंदगडच्या बाजूच्या कॅथलिक घरातल्या. घरात कोंकणी, बाहेर मराठी, कागदावर कानडी. खात्याच्या हिशेबात डोंगराळ भागात तीन हजार माणसांमागं एक उपकेंद्र असतं. ते तीन हजार आमच्याकडं चार ओढ्यांच्या आणि एका जंगलाच्या पलीकडंपर्यंत पसरलेले होते. कणकुंबीला जिथं मलप्रभा उगम पावते त्या पट्ट्यातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना ओढा म्हणजे काय ते सांगायला नको. जूनमध्ये जो रस्ता असतो, तो जुलैत असेलच असं नाही.

माझा जन्म आषाढातला, रात्रीचा, अर्थातच करंट नसतानाचा. आईनं ती गोष्ट मला इतक्यांदा सांगितलीय की माझीच आठवण असल्यासारखी ती मला दिसते. उपकेंद्राची खोली, कौलांतून टपकणारं पाणी, त्याखाली ठेवलेलं डेचकं, एक कंदील. आजी दारात. कळा सुरू होऊन दिवस उलटलेला. आणि मग डोक्याच्या जागी पाय.

पुढं कधीतरी, मी मोठी झाल्यावर, सिस्टरनीच मला ते काम समजावून सांगितलं. पायाळू मूल ओढायचं नसतं. पाय येतात, बूड येतं, बेंबीपर्यंत अंग बाहेर येतं आणि बघणाऱ्याचे हात शिवशिवायला लागतात. पण ओढलं की आत बाळाचे हात डोक्याकडं वर जातात, हनुवटी उचलली जाते आणि डोकं अडकतं. म्हणून अंगाला ऊन फडकं गुंडाळायचं आणि बाळाला त्याच्या स्वतःच्या वजनानं लोंबू द्यायचं. मानेवरची केसांची रेघ दिसली की मगच घोटे धरून त्याला आईच्या पोटाकडं वर वळवून घ्यायचं. आणि हे सगळं होईस्तोवर नाळ दाबली गेलेली असते, म्हणजे वेळही फार नसतो. थांबायचंय, पण फार थांबायचं नाही.

“मग किती थांबायचं ते कळायचं कसं?” मी विचारलं होतं.

“नमान मारियेवर,” त्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं, देवाच्या भरवशावर असं म्हणतायत. तसं नव्हतं. मनगटावर घड्याळ बांधून बाळंतपण करायचं नसतं, आणि भिंतीवरचं घड्याळ कंदिलाच्या उजेडात दिसत नाही. तेव्हा सिस्टर वेळ मोजायच्या प्रार्थनेवर. एक ‘नमान मारिये’ म्हणजे सावकाश म्हटलं तर वीस सेकंद. तीन झाले की मिनिट. बाळ बाहेर आल्यावर नाळ लगेच कापायची नाही, तिच्यातलं ठोकणं थांबू द्यायचं, त्याला दहा नमानांचा एक फेरा. असे पाच फेरे म्हणजे एक तेर्स, ज्याला शहरात रोझरी म्हणतात. तो पुरा व्हायला वीसेक मिनिटं लागतात. तेर्स संपला आणि वार पडली नाही, की माणूस पळवायचा आणि गाडी बोलवायची.

आजी दारातून ओरडत होती, “ओढा की! ओढा की तिला!” आणि सिस्टर दोन्ही हात छातीशी धरून उभ्या. ओठ तेवढे हलत होते. आजीला वाटलं, मंत्र चाललाय. तिनं मरेपर्यंत हेच सगळ्यांना सांगितलं, की या बाईकडं पायाळू पोराचा मंत्र हाय. कोंकणीतला असल्यामुळं आपल्याला कळत नाही, एवढंच.

मला या गोष्टीचं फार नवल वाटतं. श्रद्धा म्हटली की आपल्याला काहीतरी करणारी माणसं आठवतात. उपास करणारी, नवस फेडणारी, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर चालत जाणारी. सिस्टरची श्रद्धा हात आवरायच्या कामाची होती. बाई ओरडतेय, घरचे अंगावर येतायत, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि आपल्याला ठाऊक आहे की आत्ता काही करायचं नाही. त्या वेळी हाताला नाही तरी जिभेला काहीतरी धंदा हवा. एरवी त्या देवधर्माचं फारसं बोलायच्या नाहीत. रविवारी बस मिळाली तर मिस्साला जायच्या, नाही मिळाली तर नाही. नाताळात नेवऱ्यांचा डबा घरोघर पाठवायच्या आणि आमच्याकडून दिवाळीचा उलटा जायचा, तो रिकामा कधी परत आला नाही.

आजीशी मात्र त्यांचं कायम वाजायचं. पहिलं भांडण चिकाचं. बाळंतिणीचं पहिलं पिवळट दूध, चीक, पिळून टाकून द्यायची आमच्याकडं रीत होती. तीन दिवस पोराला मधाचं बोट. सिस्टरनी माझ्या आईला बाजेवर बसवून मला छातीशी लावलं तेव्हा आजीनं घर डोक्यावर घेतलं. सिस्टरनी शांतपणे विचारलं, “म्हस व्याली की पहिल्या चिकाचं काय करता?” आजी म्हणाली, “गिण्ण करतो.” गिण्ण म्हणजे खरवस. “मग म्हशीचा चीक वाटीवाटीनं घरोघर वाटता आणि सुनेचा मोरीत ओतता होय?” आजीकडं उत्तर नव्हतं. तिनं फक्त “बया बया, काय जिभंला हाड?” एवढंच म्हटलं, पण मला हिसकावून घेतलं नाही. पुढं आमच्या गल्लीत हा प्रश्न आजीच इतर सासवांना विचारायची, जणू तिलाच सुचला होता.

दुसरी गोष्ट पेनाची. पाचव्या रात्री सटवाई येते आणि पोराच्या कपाळावर नशीब लिहून जाते. म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. आमच्या घरात चालू पेन सापडेना. आजीनं सिस्टरच्या खिशातलंच मागितलं, निळ्या टोपणाचं रेनॉल्ड्स. ज्या पेनानं त्या रजिस्टर भरायच्या ते. सिस्टर हसल्या आणि दिलं. सकाळी लवकर येऊन घेऊनही गेल्या, कारण रिपोर्ट लिहायचा होता. मग ती प्रथाच पडली. गावात कुणाचीही पाचवी असली की सिस्टरचं पेन मागायला माणूस यायचं. त्यांच्या धर्मात सटवाई नाही. पण पेन नाही म्हटलं असं कधी झालं नाही. “तिनं काही लिवलेलं मला तरी दिसलं नाही,” असं एकदा मला म्हणाल्या, “पण शाई तेवढी कमी व्हायची.”

आता रजिस्टर. कानडीत भरायचं, तो नियमच. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हापासून कागदाची भाषा आणि चुलीची भाषा वेगळी झाली. यावर आमच्याकडं काय काय झालंय ते मी इथं सांगत बसत नाही; ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. शाळेत असताना १ नोव्हेंबर म्हणजे एकीकडं राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसरीकडं काळ्या दिवसाच्या काळ्या फिती. सिस्टर सरकारी नोकर. त्या दिवशी दाराला कडी घालून बसायच्या असं वाटेल, पण कळांना तारीख कळत नाही.

सरकारी रजिस्टरशिवाय त्यांची स्वतःची एक वही होती. लांबोडकी, कापडी पुठ्ठ्याची. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला ती एकदा दाखवली. त्यात माझी ओळ आहे. आईचं नाव, गाव, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. आणि पुढं कानडीत एक शब्द : हेण्णु. म्हणजे बाईमाणूस, मुलगी. माझ्याबद्दल या जगात लिहिलेला पहिला शब्द कानडी आहे, हे त्या दिवशी कळलं. शेऱ्याच्या रकान्यात आणखी एक शब्द होता. अक्षरं कानडी, म्हणून मी एकेक जोडत वाचला. पा-या-ळू. शब्द मराठी, लिपी कानडी. “सरकारी शब्द ब्रीच,” त्या म्हणाल्या. “पण घाईत जे तोंडात आलं ते लिवलं.”

खोलीतही तसंच. बाई मराठी असली तर “दम धर गो बाय, घाई कुणाला हाय?” आणि कानडी असली तर “अंजब्याडव्वा, एनू आगूदिल्ला.” भिऊ नको, काही होत नाही. मराठी बायकांनाही हे कानडी वाक्य पाठ झालं होतं, कारण शेजारच्या खाटेवर ऐकलेलं असायचं. पुढं कर्नाटकात गरोदर बाईला ‘तायी कार्ड’ मिळायला लागलं. कानडीत तायी म्हणजे आई. आमच्या बायकांनी त्याचं सरळ ‘ताईचं कार्ड’ केलं, म्हणजे सिस्टरनी दिलेलं ते. अर्थ चुकीचा होता, पण बिघडलं कुणाचं काही नाही.

त्या वहीत काही ओळींपुढं पेन्सिलीनं बारीक क्रूस काढलेले आहेत. फार नाहीत. त्यातला एक मला आधीपासून ठाऊक होता, कारण त्या बाईचा मुलगा माझ्या वर्गात होता.

ती ओढ्यापलीकडची. चौथं बाळंतपण. कळा सुरू झाल्यावर घोंगड्याची झोळी करून, ती बांबूला बांधून चौघांनी तिला आणलं. ओढ्याच्या पाण्यात दोघांचे पाय निसटले, पण झोळी भिजू दिली नाही. मूल ठणठणीत झालं. वार मात्र येईना. सिस्टरनी इंजेक्शन दिलं. रक्त थांबवायचं हे इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं असतं. करंट नसेल तेव्हा त्या ती बाटली खानापुरी मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूत पुरून ठेवायच्या. गार राहायची, पण किती गार आणि औषधात किती जोर उरला, हे सांगणारं कुणी नव्हतं. तेर्स सुरू होता. चौथ्या फेऱ्याला रक्त सुरू झालं. तेव्हा रक्त मोजायचं साधन म्हणजे फडकी. किती भिजली ते मोजायचं. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढं गेलं की धोका. सहावं फडकं भिजलं तेव्हा माणूस धावला होता, पण त्या पावसात गाडी मिळून ती येईस्तोवर पहाट झाली. बेळगावच्या वाटेवर ती गेली.

त्यानंतर सिस्टरनी तेर्स पुरा होईपर्यंत कधी वाट पाहिली नाही. तिसऱ्या फेऱ्याला माणूस पळवायच्या. बऱ्याचदा गाडी यायच्या आधीच वार पडायची, मग ड्रायव्हरच्या शिव्या खायच्या, घरचेही भाड्यावरून कुरकुरायचे. त्या म्हणायच्या, “भाडं मी देतो.” (आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल ‘देतो’, ‘आलो’ असंच बोलतात. पुण्यात आल्यावर मला ‘आले’ म्हणायची सवय मुद्दाम लावावी लागली.) आणि खरंच द्यायच्या. १०८ ची गाडी २००८ साली सुरू झाली. तोवर किती भाडी त्यांनी भरली असतील, ते त्या वहीत लिहिलेलं नाही.

१ नोव्हेंबरच्या दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, कॅथलिक लोक मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करतात, कबरींवर मेणबत्त्या लावतात. सिस्टर दरवर्षी त्या दिवशी आपल्या आईवडिलांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायच्या आणि एक जास्तीची लावायच्या. ती कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही. त्या बाईच्या नावानं मिस्साही लावायच्या. पाद्रीबाबाला नाव चिठ्ठीवर लिहून द्यायच्या. नाव हिंदू, त्यानंही काही विचारलं नाही. हे तिच्या नवऱ्याला कळलं ते बऱ्याच वर्षांनी, कुणाच्या तरी बोलण्यातून. तो एक दिवस नारळ आणि पाच केळी घेऊन सिस्टरच्या दारात आला. काय बोलावं त्याला कळेना. नारळ कुठं फोडायचा तेही कळेना. शेवटी सिस्टरनी तो घेतला आणि दुपारी आमटीत घातला. त्याला जेवायला बसवलं. ही गोष्ट मला वर्गातल्या त्या मुलानं सांगितली, सिस्टरनी नाही.

मी पुण्यात आरोग्याची पत्रकं मराठीत करून देण्याचं काम करते. त्या कामात एकदा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकातला २००६ चा एक लेख समोर आला, आणि त्यात बेळगाव हे नाव वाचून मी चहा बाजूला ठेवला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास. २००२ ते २००५ या काळात आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत झालेल्या १६२० बायका. बाळंतपणं डॉक्टरांनी नव्हे, २५ नर्सबाईंनी केलेली. मूल झाल्यावर अर्ध्या बायकांना तोंडानं घ्यायच्या मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या. रक्त मोजायला खाटेखाली आकडे छापलेली प्लास्टिकची पिशवी. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात अतिरक्तस्राव शंभरात बारावरून साडेसहाच्याही खाली आला. गोळी स्वस्त, सुई नको, फ्रिज नको. पुढं २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणातला रक्तस्राव टाळण्यासाठी या औषधाला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आमचं उपकेंद्र त्यात नव्हतं. पण मला राहवलं नाही. पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा तो लेख छापून घेऊन गेले आणि सिस्टरना वाचून दाखवला, मराठी करत करत. त्या तेव्हा निवृत्त होऊन नंदगडकडच्या घरात राहत होत्या. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, “किती गोळ्या?”

“बहुतेक तीन. सहाशे मायक्रोग्रॅम लिहिलंय.”

“फ्रिज नको?”

“नको.”

मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दाराबाहेर कोंबड्या होत्या, त्यांच्याकडं बघत बसल्या. मला वाटलं, त्या वर्षांचा हिशेब करतायत. त्यांच्या वहीतला तो क्रूस या अभ्यासाच्या पुष्कळ आधीचा. मला माझीच लाज वाटली, काय म्हणून मी हा कागद घेऊन आले.

“आणि अर्ध्या बायकांना नुसत्याच गोळ्या?” त्यांनी विचारलं.

“हो. कुणाला कुठल्या ते सिस्टरलाही ठाऊक नसायचं. तसंच करावं लागतं, नाहीतर खरं-खोटं कळत नाही.”

“म्हणजे ती पोर गोळी द्यायची आणि पिशवीकडं बघत बसायची.”

“हो.”

“बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “आम्ही पण तेच करत होतो की.” आणि उठून माझ्यासाठी चहा ठेवायला गेल्या. जाताना तो कागद मागून घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही, पण तो लेख त्यांनी वाचला असेल असं मला वाटत नाही. वहीत घडी घालून ठेवलेल्या कागदांपैकी तो एक झाला.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. मातीला आमच्या गावातून दोन टेम्पो भरून बायका गेल्या होत्या. देवळात कधी उठायचं, कधी बसायचं, कुणाला ठाऊक नव्हतं. पुढची रांग उठली की मागं लुगड्यांची एकच सळसळ व्हायची. आई म्हणाली, तेर्स म्हणायला लागले तेव्हा मात्र आमच्यातल्या चारपाचजणींचे ओठ हलत होते. अर्थ नव्हता ठाऊक, चाल होती. खाटेवर पडून ऐकलेली.

मला पोचायला उशीर झाला. मी शेवटची भेटले ती त्याआधी, उन्हाळ्यात. त्या कॉटवर पालथ्या पडल्या होत्या. विहिरीवरून कळशी आणताना कंबर धरली होती म्हणे. वय एवढं, आणि कळशी कशाला उचलायची, म्हणून मी बडबड केली. गोळी घेतलीय का विचारलं. मलम लावू का विचारलं.

“मलम सकाळीच लावलंय,” त्या उशीत तोंड खुपसून म्हणाल्या. “ये इकडं. लाथ मार बघू.”

मी हसले. “तुम्ही तर म्हणायच्या, तीन दिवसांत आपोआप जाते.”

“तिसरा दिवस उद्या हाय,” त्या म्हणाल्या. “मार.”

मी चप्पल काढली. त्यांच्या कंबरेवर, साडी आणि पोलक्याच्या मधे, हाडं वर आलेली होती. जोर लावायची भीती वाटली. पाऊल नुसतं टेकवलं आणि तसंच ठेवलं. त्यांनी हात मागं आणला, चाचपत, आणि माझा घोटा धरला.

“थंड हाय,” त्या म्हणाल्या. “तेव्हा पण असाच थंड होता.”

“काढू?”

“थांब गो,” त्या म्हणाल्या, “घाई कुणाला हाय?”